विश्लेषण : तलतचा कंप, देव आनंदचा कोंबडा आणि जालन्याची उर्दू… पन्नाशीच्या दशकातील आवाज आजही का हवेसे वाटतात?

जालन्यात मोती तलावाच्या बाजूला सकाळी फिरायला निघालेल्या ज्येष्ठांच्या खिशात हल्ली मोबाइल वाजत असतो. गाणे बहुतेक वेळा सत्तर वर्षांपूर्वीचे. तलत महमूद, हेमंतकुमार, मुकेश, गीता दत्त. संध्याकाळी तीच गाणी कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर येतात, नातू ती न ऐकता पुढे सरकतो आणि तरीही महिन्याभराने त्याच नातवाच्या रीलमागे देव आनंदचे जुने गाणे ऐकू येते. निवृत्त शिक्षक, बँक कर्मचारी आणि डॉक्टर मंडळींचे कराओके गट आता तालुक्याच्या गावांतही दिसतात. हा फक्त म्हातारपणीचा विरंगुळा आहे का? की त्या गाण्यांत, त्या नटांत आणि या भागाच्या इतिहासात आणखी काही दडले आहे?

'क्रूनर' म्हणजे नेमके कोण?

इंग्रजीत 'क्रून' म्हणजे गुणगुणणे, अंगाईसारखे हळू गाणे. १९२५च्या सुमारास विजेवर चालणारे ध्वनिमुद्रण आले आणि त्यापाठोपाठ चांगले मायक्रोफोन. त्याआधी गाणाऱ्याला शेवटच्या रांगेपर्यंत आवाज फेकावा लागे. मराठी माणसाला हे वेगळे समजावून सांगायची गरज नाही. संगीत नाटकाच्या काळातील गायकनट मायक्रोफोनशिवाय भरलेले थिएटर गाजवत. त्या गायकीत दमसास, फेक आणि तान महत्त्वाची होती, कारण त्याशिवाय पद पिटातल्या प्रेक्षकापर्यंत पोहोचतच नसे.

मायक्रोफोनने ही अट काढून टाकली. गायक आता कानाशी बोलल्यासारखा गाऊ शकत होता. अमेरिकेत बिंग क्रॉस्बी, फ्रँक सिनात्रा, नॅट किंग कोल यांनी ही शैली लोकप्रिय केली. सुरुवातीला ती अनेकांना चक्क अश्लील वाटली. बोस्टनचे कार्डिनल ओकॉनेल यांनी १९३२ मध्ये या गायनाचा जाहीर निषेध केला होता. अनोळखी पुरुष रेडिओतून घरातल्या बायकामुलींच्या कानात कुजबुजतो, हे त्या काळाला पचण्यासारखे नव्हते.

आवाज एकाचा, चेहरा दुसऱ्याचा

अमेरिकेत गायक आणि पडद्यावरचा तारा बहुधा एकच असे. क्रॉस्बीला 'गोइंग माय वे' (१९४४) साठी आणि सिनात्राला 'फ्रॉम हिअर टू इटर्निटी' (१९५३) साठी अभिनयाचे ऑस्कर मिळाले. आपल्याकडे कुंदनलाल सैगल यांच्यापर्यंत साधारण तसेच होते. मात्र १९३५ मध्ये कोलकात्याच्या न्यू थिएटर्सने पार्श्वगायन आणले आणि वाटा वेगळ्या झाल्या. १८ जानेवारी १९४७ रोजी सैगल गेले, तेव्हा गाणारा नट ही जातच संपत आली होती.

त्यामुळे आपली आठवण दुहेरी आहे. 'आरजू' (१९५०) आणि 'दाग' (१९५२) मधला दिलीपकुमार आठवला की तलतचा आवाज येतो. 'जाल' (१९५२) किंवा 'सोलवा साल' (१९५८) मधला देव आनंद आठवला की हेमंतकुमार. राज कपूर म्हटले की मुकेश. पण ही जोडी पक्की नव्हती, हेही लक्षात घ्यायला हवे. 'अंदाज' (१९४९) मध्ये दिलीपकुमारसाठी मुकेश गायले होते, 'टॅक्सी ड्रायव्हर' (१९५४) मध्ये देव आनंदसाठी तलत आणि 'अनहोनी' (१९५२) मध्ये राज कपूरसाठी पुन्हा तलत. संगीतकार गाण्याचा भाव पाहून आवाज निवडत, नटाचा शिक्का नंतर बसला.

तलत महमूद यांच्या आवाजात काय होते?

भारतीय 'क्रूनर' म्हणून कुणा एकाचे नाव घ्यायचे, तर ते तलत यांचेच. २४ फेब्रुवारी १९२४ रोजी लखनऊमध्ये जन्म, तिथल्याच मॉरिस कॉलेजात संगीतशिक्षण, पुढे कोलकात्यात 'तपनकुमार' या नावाने बंगाली गाणी. १९४९ मध्ये ते मुंबईत आले. त्यांच्या स्वरात एक बारीक कंप होता. मुंबईतल्या काहींना तो दोष वाटला आणि म्हणे तलत यांनी तो दाबायलाही सुरुवात केली. संगीतकार अनिल विश्वास यांनी मात्र मला हाच कंप हवा आहे, असे बजावून 'आरजू'चे गाणे करून घेतले, अशी हकिकत सांगितली जाते. पुढची दहा वर्षे तो कंपच त्यांची ओळख होता.

या शैलीचा सर्वांत नेमका नमुना 'सुजाता' (१९५९) मध्ये आहे. सुनील दत्त टेलिफोनवरून गातो आणि दुसऱ्या टोकाला नूतन ऐकते. नाच नाही, बाग नाही, कॅमेरा जवळजवळ स्थिर. सचिनदेव बर्मन यांनी त्यासाठी तलत यांचा आवाज घेतला. टेलिफोनवर ओरडून गाता येत नाही, हे साधे व्यवहारज्ञान त्या निवडीमागे असावे.

तलत दिसायलाही देखणे होते. 'दिल-ए-नादान' (१९५३), 'सोने की चिडिया' (१९५८) यांसह डझनभर चित्रपटांत त्यांनी भूमिका केल्या. त्यात ते रमले नाहीत आणि प्रेक्षकही रमले नाहीत. मराठीतही ते गायले. 'पुत्र व्हावा ऐसा' (१९६१) या चित्रपटात वसंत प्रभू यांच्या संगीतात त्यांचा आवाज आहे आणि त्यांचे मराठी उच्चार आजच्या अनेक गायकांपेक्षा स्वच्छ आहेत. १९९२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले आणि ९ मे १९९८ रोजी त्यांचे निधन झाले.

जालन्याचा यात वेगळा संबंध कोणता?

संबंध भाषेचा आहे आणि तो पुण्या-मुंबईच्या रसिकाला सहज लक्षात येत नाही. जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी झाला. त्याआधी तो मुख्यतः औरंगाबाद जिल्ह्याचा भाग होता आणि १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानाचा. संस्थानाचा कारभार उर्दूत चाले. कचेरी, कोर्ट, पोलीस आणि वरच्या इयत्तांची शाळा, सगळीकडे उर्दू. उस्मानिया विद्यापीठात तर विज्ञान आणि वैद्यकही उर्दूतून शिकवले जाई. त्यामुळे घरी मराठी बोलणारा, अभंग म्हणणारा आणि दस्तऐवज मात्र उर्दूत वाचणारा माणूस अंबड, परतूर, भोकरदन या भागात नवलाचा नव्हता. मराठी शाळेच्या हक्कासाठी या भागाने संघर्ष केला, ही गोष्टही तितकीच खरी. उर्दू ही अनेकांसाठी लादलेली भाषा होती.

पण तलतची गझल ऐकताना या पिढीला शब्दकोश लागत नव्हता. साताऱ्या-सांगलीच्या श्रोत्याला चालीवरून अंदाज बांधावा लागे तिथे जालन्याच्या श्रोत्याला शब्दाची धारही कळत होती. पलीकडे औरंगाबाद म्हणजे सिराज औरंगाबादींचे शहर, सिकंदर अली वज्द आणि 'बाजार' (१९८२) साठी गीत लिहिणारे बशर नवाज यांचेही. खुद्द जालन्यात सायकलवरून वर्तमानपत्रे वाटत शायरी करणारे शम्स जालनवी अगदी २०२० पर्यंत होते.

१९४८ पूर्वी शाळेत उर्दू शिकलेली व्यक्ती आज नव्वदीच्या आसपास आहे. म्हणजे ही गाणी ज्या कानांनी पूर्ण ऐकली, ते कान आता फार थोडे उरले आहेत. पुढच्या पिढीला चाल मिळाली, अर्थ अर्धाच मिळाला.

'निजाम सर्किट' म्हणजे काय?

चित्रपट वितरणाचे देशात विभाग आहेत, त्यांना 'सर्किट' म्हणतात. त्यातील एकाचे नाव 'निजाम'. त्यात तेलंगणासह मराठवाडा आणि कर्नाटकातील जुन्या संस्थानी भागाचा समावेश होतो. संस्थान गेले, १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला, पण चित्रपट व्यवसायाने नकाशा बदलला नाही. मुंबईत तयार झालेला हिंदी चित्रपट मुंबईला रेल्वेने जोडलेल्या जालन्यात यायचा, तो व्यवहाराने हैदराबादच्या विभागातला म्हणून. सिनेमाच्या धंद्यात निजामाचे राज्य अजून चालू आहे, असे गमतीने म्हणता येईल.

'जालना सोने का पालना' ही म्हण इथल्या बाजारपेठेमुळे पडली आणि बाजार तिथे थिएटर हे जुने गणित. खेड्यांत मात्र पडदा यायचा जत्रेबरोबर. तंबूतला सिनेमा, मधोमध प्रोजेक्टर, रीळ बदलताना होणारा खोळंबा आणि पडद्याच्या मागे बसून उलटा चित्रपट पाहणारी पोरे. शहरात पडून गेलेला चित्रपट गावात दोन-तीन वर्षांनी पोहोचे. त्यामुळे ग्रामीण मराठवाड्यात 'पन्नाशीचे दशक' साठीच्या दशकाच्या मध्यापर्यंत चालू होते, असे म्हटले तरी चूक ठरू नये.

गाणी कोलंबोहून का ऐकावी लागली?

याचे उत्तर एका मराठी मंत्र्याकडे जाते. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे १९५२ ते १९६२ या काळात माहिती व नभोवाणी मंत्री होते. शास्त्रीय संगीत घराघरांत जावे, ही त्यांची तळमळ खरी होती. त्यासाठी त्यांनी आकाशवाणीवर सिनेसंगीताला आखडता हात घेतला. निर्मात्यांशी वाद झाला आणि गाणी जवळजवळ बंदच झाली.

तिकडे श्रीलंकेत दुसऱ्या महायुद्धात दोस्त सैन्यासाठी उभारलेले ताकदवान लघुलहरी प्रक्षेपक तयार होते. रेडिओ सिलोनने ३ डिसेंबर १९५२ रोजी 'बिनाका गीतमाला' सुरू केली. निवेदक अमीन सयानी. पहिल्याच भागाला नऊ हजार पत्रे आली, असे ते सांगत. बुधवारी रात्री आठ वाजता जिथे रेडिओ असे तिथे माणसे जमत. घरावर एरियलची तार, पोस्टातून काढलेला रेडिओचा परवाना, सुई फिरवून लहरींच्या खरखरीतून गाणे पकडण्याची कसरत, हे वर्णन आजही सत्तरी-ऐंशीतील कोणाही जालनेकराकडून ऐकायला मिळेल. अखेर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी आकाशवाणीला 'विविध भारती' सुरू करावी लागली. केसकरांच्या धोरणाने शास्त्रीय संगीताला आश्रय दिला हे मान्य करूनही, श्रोत्याला काय आवडावे हे मंत्र्याने ठरवू नये, हा धडा त्यातून मिळाला.

तो काळ ऐटबाज का वाटतो?

देव आनंदपासूनच सुरुवात करावी लागेल. त्याचा पहिला चित्रपट 'हम एक हैं' (१९४६) पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीचा. तिथेच गुरुदत्त भेटले. इस्त्रीवाल्याकडे शर्टांची अदलाबदल झाली आणि मैत्री जुळली, हा किस्सा दोघांच्या चाहत्यांना पाठ आहे. १९४९ मध्ये 'नवकेतन', १९५१ मध्ये गुरुदत्तच्या दिग्दर्शनाखाली 'बाजी'. कपाळावर केसांचा कोंबडा, गळ्याशी मफलर, मान किंचित कलती, बोलणे भरभर. गावोगावच्या सलूनमध्ये 'देव आनंद कट' मागणाऱ्यांची रीघ लागली. काळ्या कोटातला देव आनंद पाहून मुली गच्चीवरून उड्या मारत म्हणून त्याला काळा कोट घालायला बंदी झाली, ही तर दंतकथाच. पण दंतकथा कोणाबद्दल तयार होते, यालाही अर्थ असतो.

नव्याने स्वतंत्र झालेल्या देशातला तरुण नोकरीच्या शोधात शहराकडे निघाला होता. दिलीपकुमारने त्याचे दुःख दाखवले, राज कपूरने त्याची गरिबी आणि स्वप्न, देव आनंदने त्याला दिला रुबाब. खिसा रिकामा असला तरी कॉलर ताठ ठेवता येते, हे त्याच्या टॅक्सीचालक आणि जुगारी नायकांनी शिकवले. धोतर सोडून पहिल्यांदा पँट शिवायला टाकणाऱ्या मुलाला हाच नायक जवळचा वाटला, यात आश्चर्य नाही.

या यादीत दोन मराठी नावे हटकून विसरली जातात. अमरावतीत जन्मलेले भगवान पालव म्हणजे भगवानदादा आणि पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर म्हणजे सी. रामचंद्र. या दोघांचा 'अलबेला' (१९५१) हा पाश्चात्त्य नाचगाण्याचा पहिला मोठा देशी उत्सव. अण्णा चितळकर स्वतः गायले आणि भगवानदादांच्या साध्या ठेक्यावर देश नाचला. आजही लग्नाच्या वरातीत पाय न उचलता फक्त खांदे हलवून नाचणारा काका दिसला, तर तो भगवानदादांचा वारसदार समजावा.

मराठी भावगीताचे काय?

मायक्रोफोनने हिंदीत जे केले, तेच मराठीत भावगीताने केले. गजाननराव वाटवे यांनी नाट्यपदाच्या आतषबाजीपासून दूर, शब्द जपत गाणारी पद्धत लोकप्रिय केली. पुढे अरुण दाते यांनी ती मैफिलीत नेली. इंदूरमध्ये वाढलेले दाते उर्दू गझलेच्या संस्कारातून आले होते आणि त्यांच्या स्वरातील हळुवार थरथर तलतची आठवण करून देणारीच होती. मंगेश पाडगावकरांचे शब्द, श्रीनिवास खळे यांची चाल आणि दाते यांचा आवाज या त्रयीवर 'शुक्रतारा' हा कार्यक्रम वर्षानुवर्षे महाराष्ट्रभर चालला. २०१८ मध्ये दाते गेले.

मग हा आवाज मागे का पडला?

रंगीत चित्रपट आले. 'जंगली' (१९६१) मध्ये शम्मी कपूर बर्फावरून आरोळी ठोकत घसरला आणि कुजबुजीचा काळ संपला. नायकाला आता काश्मीरच्या दऱ्यांत गायचे होते. त्यासाठी मोहम्मद रफींसारखा तिन्ही सप्तकांत फिरणारा आवाज हवा होता. 'जहाँ आरा' (१९६४) साठी मदनमोहन यांनी तलतचाच आग्रह धरला, गाणी अप्रतिम झाली, चित्रपट पडला. त्यानंतर चित्रपटात तलत जवळजवळ नाहीतच.

तरुणांनाही ही गाणी का आवडतात?

'नॉस्टॅल्जिया' हा शब्द १६८८ मध्ये योहानेस होफर या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने एका आजारासाठी घडवला. घरापासून दूर असलेल्यांना होणारा तो घरओढीचा आजार. आज मानसशास्त्र त्याला आजार मानत नाही. साधारण दहा ते तीस या वयातील आठवणी माणसाला सर्वाधिक ठळक राहतात, असे संशोधनात वारंवार दिसले आहे. म्हणून १९४० मध्ये जन्मलेल्याला १९५५चे गाणे जिवाभावाचे वाटते.

पण १९९५ मध्ये जन्मलेल्याचे काय? कॉर्नेल विद्यापीठातील कॅरोल क्रुमहान्सल आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये तरुणांना जुन्या दशकांतील गाणी ऐकवली. आई-वडिलांच्या तारुण्यातील गाण्यांशी, तसेच त्याआधीच्या पिढीच्या गाण्यांशीही त्यांचे भावनिक नाते आढळले. म्हणजे ओढ वारशाने येते. आजोबा दाढी करताना जे गुणगुणत, ते नातवाच्या कानात राहते. ही पिढीजात आवड व्यवसायानेही ओळखली. पाच हजार गाणी भरलेला 'सारेगामा कारवाँ' २०१७ मध्ये आला, तो मुख्यतः मुलांनी पालकांना भेट देण्यासाठी विकत घेतला. फिल्म हेरिटेज फाउंडेशनने दिलीपकुमार (२०२२), देव आनंद (२०२३) आणि राज कपूर (२०२४) यांच्या शताब्दीला त्यांचे चित्रपट पुन्हा थिएटरात आणले. राज कपूर महोत्सवाचे तिकीट १०० रुपये होते. अर्थात असे महोत्सव मल्टिप्लेक्स असलेल्या शहरांत होतात. एकपडदा चित्रपटगृहे बंद पडत गेलेल्या तालुक्यांना पुन्हा मोबाइलचाच पडदा.

जुने गाणे गाऊन यूट्यूबवर टाकता येते का?

कराओके गटांना सर्वाधिक छळणारा प्रश्न हाच. 'गाणे साठ वर्षांचे झाले, आता मोकळे' हे अर्धसत्य आहे. एका गाण्यात किमान तीन स्वतंत्र हक्क असतात. 'सुजाता'चे उदाहरण घेऊ. मूळ ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर साठ वर्षे, म्हणजे १९५९चे मुद्रण २०१९ अखेर मुक्त झाले. चालीचा हक्क संगीतकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षे. सचिनदेव बर्मन १९७५ मध्ये गेले, म्हणून तो २०३५ अखेरपर्यंत. शब्दांचा हक्क गीतकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षे. मजरूह सुलतानपुरी २००० मध्ये गेले, म्हणून २०६० अखेरपर्यंत. शिवाय बाजारात मिळणारा कराओके ट्रॅक हे नवे ध्वनिमुद्रण असते, त्याचा हक्क तो बनवणाऱ्याकडे. त्यामुळे व्हिडिओवर 'कॉपीराइट क्लेम' आला, तर घाबरून जाऊ नये आणि चकितही होऊ नये.

सभागृहातील कार्यक्रमाला मात्र कायद्याने सवलत दिली आहे. हौशी मंडळाने प्रेक्षकांकडून पैसे न घेता गाणी गायली, तर कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ नुसार तो भंग ठरत नाही. तिकीट लावले की गणित बदलते.

घरातील जुन्या तबकड्यांचे काय करावे?

'आलम आरा' (१९३१) या पहिल्या बोलपटाची एकही प्रत आज उपलब्ध नाही. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात २००३ मध्ये लागलेल्या आगीत जुनी नायट्रेट रिळे जळाली. मोठ्या संस्थांची ही स्थिती, तर घरातल्या माळ्यावरचा ठेवा किती टिकणार? जालना हे पोलादाचे शहर, भंगाराला इथे भट्टी जवळच आहे. जुना ग्रामोफोन किंवा रेडिओ वजनावर देण्याआधी तबकड्यांचे नंबर आणि नावे मोबाइलवर टिपून ठेवली, तरी पुष्कळ काम होते. काही दुर्मीळ गाणी संग्राहकांच्या अशाच याद्यांतून सापडली आहेत. ७८ आरपीएमच्या तबकड्या लाखेच्या असतात, एका बाजूला सुमारे सव्वातीन मिनिटे वाजतात आणि हातातून निसटल्या तर काचेसारख्या फुटतात. त्या आडव्या रचू नयेत, पुस्तकासारख्या उभ्या ठेवाव्यात. धूळ मऊ, कोरड्या कापडाने टिपावी. स्पिरिट किंवा सॅनिटायझरने पुसणे मात्र कटाक्षाने टाळावे, कारण लाख त्यात विरघळते आणि गाणे कापडावर येते.